आत चार, बाहेर तीन

"हा बघा माझा माणूस. तीनशे सात. चार वर्षं आत काढून आलाय."

ठेकेदारानं माइकवर आधी माझं कलम सांगितलं, खुनाच्या प्रयत्नाचं, नाव नंतर. रोह्यातला हॉल. माझ्या खांद्यावर शाल, हातात नारळ. समोर कारखान्यांचे मालक आणि ठेकेदार. तिसऱ्या रांगेत माझी बायको, आणि तिच्या शेजारी आठ वर्षांची माझी पोर. वर्षभर एकही दांडी मारली नाही म्हणून सत्कार आहे, घरच्यांना घेऊन ये, असं त्यानंच सांगितलं होतं. पोरीला आम्ही सांगून ठेवलं होतं, तू लहान होतीस तेव्हा बाबा बोटीवर होता.

"अशी माणसं ठेवा, फायद्यात राहाल," तो म्हणाला. "दांडी नाही, युनियन नाही. सोडून जाणार कुठं? टाकीत उतर म्हटलं की उतरतात."

लोक हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

पेणच्या गाडीत बायको खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "पोरीला आता काय सांगायचं? बोट बुडाली म्हणून सांगू?" पोर शालीचे गोंडे मोजत बसली होती.

गुन्हा मी केला. मिठागराच्या बांधावरून भांडण झालं आणि मी शेजाऱ्यावर फावडं उगारलं, मारलं. त्याचा उजवा हात कायमचा गेला. आजही तो कासू स्टेशनात डाव्या हातानं पिशवी धरून उभा असतो, आणि मी दुसऱ्या टोकाच्या डब्यात चढतो. त्या गुन्ह्याची शिक्षा मी भोगली. पण ती संपली असं मला कुणी सांगितलं नाही.

जेलात दिवसातून कितीदा तरी गिनती होते. जोडीजोडीनं बसायचं. आकडा जुळला नाही तर कुणी हलायचं नाही. चार वर्षांत ती अंगात मुरली. सुटल्यावरही लग्नात, मिनीडोर रिक्षात, कुठंही मी डोकी मोजतो. बायको चिडवते, "सुटलात तुम्ही. आता पुरे."

मागच्या वर्षी कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीतला गाळ काढायला चौघे उतरले होते. मी वर दोर धरून होतो. काम संपलं, माणसं वर आली, चहाकडे निघाली. मी मोजली. तीन. पुन्हा मोजली. तीनच. महादू आत राहिला होता.

महादू आदिवासी वाडीवरचा. आसपास कुठं चोरी झाली की पोलीस आधी त्यालाच उचलायचे. एकही केस शाबीत झाली नाही, तरी ठेकेदाराच्या लेखी तो चोरच. तो गॅसनं गुंगून गाळात तोंडावर पडला होता. तोंडाला ओलं फडकं बांधून मी खाली गेलो, त्याच्या काखेत दोर अडकवला, वरच्यांनी ओढला. वाचला. माझंही नशीब.

ठेकेदारानं मला बाजूला घेतलं. "बाहेर बोललास तर लोक हेच विचारतील, तिथं जेलातला माणूस काय करत होता?"

मी गप्प बसलो. महादू आठवड्यानं खोकत कामावर आला, तेव्हाही गप्प बसलो.

आणि सत्काराच्या हॉलमध्ये याच ठेकेदारानं माझे सगळे फायदे सांगितले, फक्त हा सोडून. जेलात शिकलेल्या गिनतीनं त्याच्या टाकीतून एक माणूस जिवंत बाहेर आला होता. त्याला माझी मान खाली असणंच कामाचं वाटत होतं. आणि ती मीच खाली घातली होती, हेही खरं.

सत्कारानंतर तिसऱ्याच दिवशी तीच टाकी उघडली.

"उतर."

"आधी गॅस तपासा."

"मीटर दुसऱ्या प्लांटला गेलाय. उतरायच्या परवान्यावर सही संध्याकाळी घेऊ. उतर."

"नाय उतरत."

ठेकेदार हसला. "परवा शाल घातली ना तुला? गेटबाहेर काढला तर पेणपासून रोह्यापर्यंत कोण ठेवील?"

"कोनी नाय ठेवला तरी चालंल," मी म्हणालो. "आत चार गेलं तर बाहेर चार आलं पायजेत. तसं लिवून द्या."

महादूनं डोक्यावरचं हेल्मेट काढून खाली ठेवलं. "मी बी नाय उतरत." बाकीचे दोघे जमिनीकडे बघत उभे राहिले. मी त्यांना काय बोलू? वर्षभर मीही तसाच उभा होतो.

दुपारी आमचे दोघांचे गेटपास काढून घेतले. निघण्याआधी मी कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसात गेलो आणि मागच्या वर्षीचं सगळं लिहून दिलं. खाली सही केली. सहीखाली माझं कलमही लिहिलं, म्हणजे ते शोधायची कुणाला तसदी नको.

घरी पोरीला समोर बसवलं. "बोट नव्हती. जेल होता. मी एका माणसाचा हात तोडला."

"कोनाचा?"

मी नाव सांगितलं. ती उठून आईजवळ जाऊन बसली. अजूनही जेवताना ती माझ्या हाताकडे बघते. बघू दे.

नोकरी नाही. महादू वीटभट्टीवर गेला. मी नागोठण्यापासून एकेका कारखान्याच्या गेटवर काम मागत फिरतोय. आता चौकशी व्हायची वाट बघत नाही, मीच आधी सांगतो. चार वर्षं जेलात होतो. गुन्हा केला होता. टाकीच्या तोंडाशी उभा राहून मी माणसं मोजतो, आणि आकडा जुळला नाही तर मी हलत नाही, गप्प बसत नाही. ठेवायचं तर यासाठी ठेवा. शाल नको.