डाव्या अंगाचा नाखवा

आमच्या लामू बेटावर लाली शेकुवेला विचारल्याशिवाय वारासुद्धा दिशा बदलत नाही, असं खुद्द लालीचं मत आहे. चाळीस वर्षं त्याने शिडाची गलबतं हाकली आणि त्यांच्या लाकडाला मुशी माशाचं तेल चोपडलं. लाकूड टिकलं. तेव्हापासून बायकोचा गुडघा, दाराची कडी आणि गाढवाचा खूर, सगळ्यांना तोच एक डबा.

पुढे त्याची मालकीण बी झुहुरा हिने फायबरची होडी घेतली. मागे आउटबोर्ड इंजिन, पुढे चाक आणि चाकामागे लाली. खाऱ्या पाण्याने स्टेअरिंगच्या दांड्यावर गंज चढला, तसा लालीने डबा उघडला. तेलावर वाळू बसली, वाळूवर मीठ, मिठावर पुन्हा तेल. महिन्याभरात दांडा इंजिनाच्या नळीत असा रुतला, की होडी सरळ जाई नाहीतर डावीकडे. उजवी बाजू तिने सोडूनच दिली.

“नाखवा, दांडा बाहेर काढू,” कोम्बो मिस्त्री म्हणाला. “गंज घासू, नळी साफ करू, ग्रीस भरू. आणि रोज गोड्या पाण्याने धुवायचं.”

“तू पाळण्यात होतास तेव्हा मी मोम्बासा गाठलंय!”

“कुठेतरी उजवीकडे वळला असालच ना?”

लालीने त्याच्याशी बोलणं टाकलं. पण बातमी बी झुहुराकडे गेलीच. तिने निरोप धाडला, “शुक्रवारी मी स्वतः बसणार. होडी धड वळली नाही, तर नाखवा बदलीन.”

शुक्रवारी नमाज झाल्यावर ती छत्री उघडून होडीत बसली. “शेलाला चल, बहिणीकडे.”

शेला गावाचा धक्का येतो उजव्या हाताला. लालीने डावीकडून अख्खा वळसा घेतला, पण पाण्याच्या ओढीने होडी धक्क्यापुढे गेली. पुन्हा वळसा. धक्क्यावर कॉफी पिणारे पेले घेऊन कडेला आले.

“लाली, आपण शेलाला चाललोय, की शेलाची नजर उतरवतोय?” बी झुहुराने विचारलं.

“पाण्याचा अंदाज घेतोय, मालकीणबाई.”

तिसरा वळसा.

“उजवीकडे वळव.”

“उजवीकडे काय आहे?”

“शेला आहे!”

लालीने चाकाला जीव खाऊन हिसडा दिला. चाक जागचं हललं नाही. त्याने इंजिन बंद केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पडेल आवाजात म्हणाला, “वळत नाही.”

“हे दोन वळशांआधी बोलला असतास, तर मला चक्कर आली नसती. आता तरी खरं बोललास म्हणून कामावर ठेवते. उद्या कोम्बोकडे जा. आणि तो डबा आण इकडे.”

लाली वल्ही मारत धक्क्याला लागला. वल्ह्याने तो उजवीकडे फार सुरेख वळला.

दांडा निघायला दोन दिवस हातोडा चालला. घासायला लाली स्वतः बसला. आता रोज संध्याकाळी तो दांड्याला गोड्या पाण्याने अंघोळ घालतो, ग्रीस लावतो आणि मग कॉफीच्या बाकावर सांगतो, “लोखंडाला माशाचं तेल चालत नाही. कोम्बोला हे मीच शिकवलं.”

“हो नाखवा,” कोम्बो म्हणतो. “तुमची कॉफी घ्या. उजवीकडे ठेवलीय.”