पाण्याखालचा बांध

गळ टाकण्याआधी माझे वडील पाण्यावर हद्द आखायचे. कुणाला सांगितलं की लोक हसतात, आणि ते हसण्यासारखंच होतं. समोर लांबवर पसरलेलं धरणाचं पाणी, त्यावर ना खूण ना रेघ, आणि काठावर साठीचा माणूस हात लांब करून मला बजावतोय, "हितनं अलीकडं आपलं, पलीकडं त्याचं. पलीकडं गळ जाता कामा न्हाई."

'त्याचं' म्हणजे माझ्या काकांचं, वडिलांच्या पाठच्या सख्ख्या भावाचं. मढच्या बाजूला दोघा भावांची भाताची खाचरं एकमेकांना लागून होती. मधे दगडी बांध. काकांनी बांध कोरला, हातभर आमच्या रानात सरकवला, असं वडिलांचं म्हणणं. पावसानं ढासळला, म्हणून होता तिथंच मी पुन्हा रचला, असं काकांचं. त्यावरून बोलणं तुटलं. नव्वदचं दशक संपता संपता धरणात पाणी अडलं आणि बांध, खाचरं, विहीर, सगळं खाली गेलं. भांडण तेवढं कोरडं राहिलं. आम्ही राजुरीला राहायला आलो, काका तिथेच वर डोंगराच्या अंगाला घर बांधून राहिले.

मी तेव्हा आळेफाट्याला एका ट्रॅक्टरच्या गॅरेजात कामाला होतो. रविवारची सुट्टी. मासे धरण्यात मला खरं तर काडीचा रस नव्हता. तासन् तास गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. पण वडिलांच्या छातीत एकदा दुखून गेलं होतं आणि डॉक्टरांनी एकटं सोडू नका म्हणून सांगितलं होतं. म्हणून रविवारी उजाडायच्या आत मोटारसायकल काढायची, ओतूरला एक चहा घ्यायचा आणि धरण गाठायचं.

दुसरं कारण मी कधी बोलून दाखवलं नाही. काका पण तिथेच गळ टाकायला यायचे. मला पोहायला शिकवलं ते काकांनी, यात्रेत खांद्यावर बसवून कुस्त्या दाखवल्या त्या काकांनी. आता ते चाळीस पावलांवर बसलेले असायचे आणि मला त्यांच्याशी बोलायची बंदी होती. आमची नजरानजर झाली की ते डोक्यावरची टोपी उगाच सारखी करायचे. मला फार वाईट वाटायचं. या दोघांनी जितेपणी एकदा तरी तोंड उघडून एकमेकांशी बोलावं, एवढंच मला हवं होतं. छातीचं दुखणं काय सांगून येत नाही.

सामान अगदी साधं होतं. रिकाम्या डब्याला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा पातळ, पाण्यात न दिसणारा दोरा. टोकाला ओतूरच्या बाजारातले गळ, त्यांच्या वर हातभरावर शिशाचा तुकडा. दोरा डोक्यावर गरगर फिरवून असा सोडायचा की शिसं लांब जाऊन पडलं पाहिजे. माझं बऱ्याचदा मागच्या करवंदीत अडकायचं, मग वडील माझ्याकडे न बघता म्हणायचे, "आज करवंदं धरायचा बेत दिसतोय." रोहूसाठी कणीक आणि शेंगदाण्याची पेंड एकत्र मळलेली, मरळीसाठी लहान बेडूक. टाकून झालं की तंगूस तर्जनीवर घेऊन बसायचं. रोहू आधी नुसता हुंगतो, तेव्हा बोटाला मुंगी चालल्यासारखं वाटतं. तेव्हा ओढलं की गेला. दोरा सावकाश, ठाम चालायला लागला की मगच झटका द्यायचा. मला हे कळायला दोन उन्हाळे लागले.

वडिलांचं कसब मात्र वेगळंच होतं. त्यांना पाण्याखालची जमीन पाठ होती. "आता गळ इहिरीपाशी पडला." "हे कोपऱ्यातलं खाचर. हितं भात लई यायचं, मासा बी हितंच लागणार." मासे उघड्या तळाशी थांबत नाहीत, दगड, खोड, बांध असा काही आडोसा असला की तिथे दबा धरून बसतात. तो आडोसा कुठे आहे हे दुसऱ्याला अंदाजाने शोधावं लागतं. आम्हाला आमच्याच शेतात शोधायचा होता.

सकाळी पाण्यावर धुकं असायचं. डोंगर अर्धाच दिसायचा, खालचा पाय पुसलेला. त्या वेळी मला काही सुचायचं नाही, नुसतं बघत राहायचो. जिथे आई गुडघाभर चिखलात वाकून लावणी करायची, तिथून आता रोहूंचा थवा शांतपणे चाललेला असेल. बैल जिथे खांदेपालट करायचे, तिथे मरळ पडून असेल. वर आम्ही दोघं बोटावर दोरा धरून बसलेले, आणि दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला आमचं शेत. कधी कधी डोळा लागायचा, आणि बोटाला ओढ लागली की खालून कुणीतरी हाक मारल्यासारखा मी दचकून जागा व्हायचो. वडील म्हणायचे, "झोप खुशाल, मासा काय कामावर न्हाई."

हद्द ठरवायची त्यांची रीत अशी: काठामागे चढावर एक हिरडा होता आणि समोरच्या डोंगराला एक खिंड. हिरड्याला पाठ लावायची आणि नाकासमोर खिंड आली की तीच बांधाची रेघ. जुन्या काळी बांध रचतानाही हीच खूण धरली होती म्हणे. रेघेच्या डावीकडे आम्ही, उजवीकडे काका. काकांनीही ती रेघ कधी ओलांडली नाही.

आणि वडील तरी किती काटेकोर! एकदा माझा गळ वाऱ्यानं उजवीकडे गेला आणि नेमका त्यालाच चांगला हातभर रोहू लागला. मी फुशारकीनं वर काढला. वडिलांनी तो गळातून सोडवला, दोन्ही हातांवर घेतला आणि पाण्यात सोडून दिला. "दुसऱ्याच्या रानातलं घ्यायचं नसतं." मी इतका चिडलो की परतीच्या वाटेवर ओतूर येईपर्यंत बोललो नाही. चाळीस पावलांवरून काका हे सगळं बघत होते.

डाव्या हाताला मात्र आमचा गळ फार अडकायचा. दर खेपेला दोन-तीन तुटायचे. "जांभळीचं खोड हाय तिथं," वडील सांगायचे, आणि आडोसा म्हणून पुन्हा तिथेच टाकायचे. मासाही तिथेच लागायचा.

एक दिवस मात्र विसरणं शक्य नाही. वडिलांच्या बेडकाला मरळ लागली. दोरा असा सुटला की डबा दगडावर उड्या मारायला लागला. मरळ सरळ उजवीकडे, काकांच्या दोऱ्यांच्या दिशेनं पळाली. त्यांचे तीन दोरे पाण्यात होते. एकात गुंतली असती तर सगळाच खेळ खलास. काका उठले. घाई न करता, एकामागून एक तिन्ही दोरे त्यांनी बाहेर ओढून घेतले आणि हात मागे बांधून उभे राहिले. मरळ मोकळ्या पाण्यात दमली, वडिलांनी ती हळूहळू अलीकडे आणली. मांडीएवढी जाड, काळीभोर. वडिलांनी काकांकडे बघितलं, पण आभार काही ओठावर आले नाहीत. संध्याकाळी ओतूरला चहा पिताना कपात बघत एवढंच म्हणाले, "त्यानं दोर काढलं म्हून." मी म्हटलं, "मग सांगा की त्यांना." तर म्हणाले, "च्या गार हुतोय."

त्यानंतर एका वर्षी पावसानं दगा दिला. उन्हाळ्यात तळातलंही पाणी खाली सोडलं. आम्ही गेलो तेव्हा काठ ओळखू येईना. भेगा पडलेल्या गाळातून उतरत उतरत पार खाली गेलो, आणि वडील एकदम थांबले. समोर बांध उघडा पडला होता. दगडांवर वाळलेलं शेवाळ, पण चिरा न् चिरा जागेवर.

तो आमच्या उजवीकडे नव्हता. डावीकडे होता, आमच्या बसायच्या जागेच्याही बराच पलीकडे. दगडांच्या फटींत आमचे गंजके गळ लटकत होते, तंगुसाचे तुकडे वाऱ्यावर हलत होते. वडिलांनी मागे वळून हिरडा बघितला, खिंड बघितली, पुन्हा हिरडा बघितला. त्यांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं आम्ही काकांच्या खाचरात बसत होतो. घरी नेलेला एकूण एक मासा काकांच्या रानातला होता, आणि जो एक त्यांचा म्हणून सोडून दिला, तोही त्यांचाच. वडिलांना मी आयुष्यात इतकं ओशाळलेलं पाहिलं नव्हतं, आणि मला त्यांची फार दया आली.

काका वरून उतरत होते. वडील बांधाच्या दिशेनं चार पावलं गेले आणि तिथेच उभे राहिले. काका जवळ आले.

वडील जमिनीकडे बघत म्हणाले, "हिरडा चुकला."

"जुना हिरडा धरणाच्या पयल्याच साली वाऱ्यानं पडला," काका म्हणाले. "तू धरतोस त्यो दुसरा. त्यो पन्नास पावलं माझ्या रानाकडं हाय."

"तुला ठावं व्हतं?"

"पयल्या दिसापासनं."

वडिलांचा आवाज चढला. "मंग बोलला का न्हाईस?"

काकांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. "बोलत व्हतो कुटं आपण, दादा?"

वडील मटकन बांधावर बसले. काही वेळानं काकाही बसले, त्याच दगडाच्या दुसऱ्या कडेला. माझे डोळे भरून आले होते आणि ते दोघांना दिसू नयेत म्हणून पाण्याची बाटली आणायच्या निमित्तानं मी वर मोटारसायकलकडे गेलो. परत येताना खालून आवाज ऐकू आला. बांध कोरला होता की ढासळला होता यावरून दोघं दगडांना हात लावून लावून, तावातावानं भांडत होते.