तिला आत सोडू नका

"तुमच्या मिस्टरांना डिलिरियम झालाय," असं डॉक्टरांनी माझ्या बायकोला, मेधाला सांगितलं, तेव्हा मी तिथेच कॉटवर होतो. माझ्या लेखी मात्र मी एका पुलाजवळच्या चौकीत होतो. वय चोवीस, हुद्दा लेफ्टनंट, आणि देशात यादवी चालू होती.

खरं वय त्रेचाळीस. अमेरिकेत, हर्नडनमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. सैन्याशी संबंध म्हणाल तर कॉलेजातली एनसीसी, तीही नाश्त्यासाठी.

सुरुवात साध्या न्यूमोनियाने झाली. 'एवढा रिलीज होऊ दे, मग दाखवतो' म्हणत मी ताप अंगावर काढला. त्याचा सेप्सिस झाला. सेप्सिस म्हणजे जंतूंशी लढता लढता शरीराचं संरक्षण आपल्याच अवयवांवर उलटतं. सहा दिवस व्हेंटिलेटरवर, म्हणजे श्वास देणाऱ्या मशीनवर काढले. नळी निघाली आणि डिलिरियम सुरू झाला. हा मेंदूचा तात्पुरता गोंधळ. माणसाला भलतंच जग खरं वाटतं. आयसीयूत हे बऱ्याच जणांना होतं म्हणे. आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून हे लिहितोय.

सांगायला लाज वाटते, पण मला तिथे बरं वाटत होतं. सकाळ धुक्यातूनच यायची. मी पुलावर फेरी मारायचो, पहाऱ्यावरच्यांची विचारपूस करायचो, ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची घरची पत्रं लिहून द्यायचो. नदी आवाज न करता वाहायची. पलीकडे शत्रू. वारा फिरला की त्यांच्या फोडणीचा वास आमच्याकडे यायचा. लढाई अशी कधी झालीच नाही. सगळे नुसते वाट बघत होते. कटकट एकच, की आपलं कोण आणि त्यांचं कोण हे चेहऱ्यावरून कळायचं नाही.

मॉनिटरची पिपपिप हा आमचा वायरलेस. डॉक्टर रोज येऊन नाव, ठिकाण, साल विचारायचे. मी नाव आणि हुद्दा सांगून गप्प बसायचो. शत्रूच्या चौकशीत याहून जास्त बोलायचं नसतं, एवढी अक्कल मला होती.

मग मेधा आली. आमच्याकडे वर्षानुवर्षांचा एक नियम आहे: अमेरिकन माणूस समोर असला की आपसात मराठी बोलायचं नाही, त्याला परकं वाटतं. लिफ्टमध्ये, दुकानाच्या रांगेत, मुलीच्या शाळेत, सगळीकडे आम्ही तो पाळतो. आयसीयूत नर्स सतत खोलीतच. म्हणून मेधाने माझा हात धरून गोड आवाजात विचारलं, "हाय सुहास, हाउ आर यू फीलिंग टुडे?"

मी बघतच राहिलो. चेहरा मेधाचा. पण मेधा जन्मात माझ्याशी इतकं गोड इंग्रजी बोललेली नाही. शत्रूने तिचा चेहरा लावून कुणालातरी पाठवलं होतं, याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही. तिच्या हातचं पाणी मी प्यायलो नाही. सलाइनची सुई उपटली. नर्सला बजावलं, "तिला आत सोडू नका."

तिला बघितलं की माझे ठोके वाढायचे, म्हणून नर्सने तिला बाहेर थांबायला सांगितलं. दोन दिवस ती वेटिंग रूममध्ये बसून होती. डॉक्टर तिला म्हणाले, "ते असेच नळ्या ओढत राहिले तर पुन्हा औषधाने झोपवून मशीनवर ठेवावं लागेल. या फुप्फुसांनी पुन्हा मशीनवरून सुटणं कठीण आहे."

तिसऱ्या दिवशी नर्सला विचारून ती सफरचंदाचा गर घेऊन आत आली. मी दात घट्ट मिटले. नर्स शेजारीच उभी होती, आणि मेधाचा बांध फुटला. "सुहास, पुरे झालं हं आता. किती छळशील माणसाला? मुकाट्याने तोंड उघड."

मी तोंड उघडलं. हा वैताग कुठल्याही हेराला जमणारा नव्हता.

"आत्ता जे काय बोललात ना, ते बोलत राहा," नर्स म्हणाली.

मेधा बोलत राहिली. तुंबलेलं सिंक, भावजयीचे फोन, मुलीचं गणित. पूल विरळ होत गेला. दोनेक दिवस दोन्ही जगं एकमेकांतून दिसत होती, मग फक्त खिडकीबाहेरचं पार्किंग उरलं. तुमचं माणूस असं हरवलं तर त्याला त्याचा चष्मा घाला, म्हणजे चेहरे नीट दिसतील, आणि खोलीत कुणीही असो, त्याच्याशी घरच्यासारखं बोला. नर्सला वाईट वाटत नाही.

घरी आल्यावर एक गोष्ट मी पोटात ठेवली होती. महिन्याभराने, मेधा टॉवेलांच्या घड्या घालत असताना, ती सांगून टाकली. त्या बाईचं काय करायचं हे ठरवणं चौकीवर माझं काम होतं. मी माझ्या शिपायांना हुकूम दिला होता, गोळी घाला. देताना काहीच वाटलं नव्हतं.

तिने हातातली घडी पूर्ण केली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी दिलास, माझ्याकडे बघून, मराठीत. नर्सने विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, पाणी मागतायत."