खसबच्या डोंगरातलं कुलूप

निघायच्या दिवशी आईनं घर आवरलं नाही, भरलं. मी नवऱ्याच्या मागून मस्कतला निघाले होते आणि आई डोंबिवलीला माझ्या भावाकडे. म्हणजे गुहागरकडच्या आमच्या घराला पहिल्यांदाच कुलूप लागणार होतं. रिक्षावाला दारात हॉर्न वाजवतोय आणि ही डब्यात तांदूळ भरतेय, मीठ, कोकमं, काडेपेटीसुद्धा. मी वैतागले, "अगो, कोण खाणारेय इथे?" तर म्हणाली, "परत येशील तेव्हा पहिल्या दिवशी काय खाशील? वाटी घेऊन शेजारी जाशील?" मग कुलूप दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. भाऊ विसरभोळा, म्हणून माझ्याकडे.

तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही, आणि तुम्हीही हसू नका. गावात राहिलात त्यांनाही सांगतेय आणि माझ्यासारखे बाहेर पडलात त्यांनाही.

मस्कतच्या वादी कबीर भागातल्या फ्लॅटमध्ये बस्तान बसलं, मुलगी शाळेत जायला लागली, तशी मी एका टूर कंपनीत नोकरी धरली. दोन हजार दहानंतरची ती वर्षं. ऑफिसात जो तो म्हणायचा, आता उत्तरेकडे चला. उत्तर म्हणजे खसब, ओमानचा अगदी वरचा तुकडा. मध्ये दुसरा देश आडवा येतो. खाली समुद्र, वर उघडेबोडके डोंगर आणि त्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे शिहू लोक. हिवाळ्यात ते वर शेती करतात, उन्हाळ्यात मासे आणि खजुरासाठी किनाऱ्यावर येतात. वरच्या दगडी घराला कुलूप घालून येतात. घर अर्धं जमिनीत, दार एवढंसं की वाकूनच शिरायचं.

आमचे मॅनेजर पुण्याचे, बोलायला साखर. "मॅडम, सहा-सहा महिने रिकामीच असतात ही घरं. एक भाड्यानं मिळवा. दार उघडं ठेवू, आत दिवे लावू. एकदम ऑथेंटिक! मालकाला तुम्ही पटवा. यल्ला, निघा!" त्या एका घरावर अख्खी ट्रिप ठरणार होती, म्हणून मीही उत्साहानं गेले.

मालकाचं नाव अबू राशिद. वय झालेलं, हातात टोकाला लहानशी कुऱ्हाड बसवलेली काठी, आणि खसबच्या बाजारात शिकलेलं हिंदी. पाहुणी आली म्हणून तो किनाऱ्यावरून माझ्याबरोबर वर आला आणि त्यानं स्वतः कुलूप काढलं. आत मातीचे रांजण होते, दारापेक्षा मोठे! मी विचारलं, हे आत आणले कसे? तो खदखदून हसला. "पहले मटका रखा, मदाम. बाद में घर बनाया."

मग मी माझं घोडं दामटलं. उन्हाळ्यात इथे कोणीच नसतं, तर तेवढे दिवस आम्हाला द्या. त्याचं हसू गेलं.

"कौन बोला कोई नहीं? अंदर मेरा गेहूँ है, मेरा खजूर है. हम मर गया क्या? हम नीचे उतरा है, बस. वापस आएगा."

मला आईचा डबा आठवला. असा राग आला म्हणून सांगू! मॅनेजरांचा आला, आणि बंद दार दिसलं की आत कोणी नाही असं धरून चालणाऱ्या सगळ्यांचाच आला.

मस्कतला परतून मॅनेजरांना सांगितलं, "मालक घरी असेल आणि बोलावेल तेव्हाच आत जायचं. नसेल तेव्हा बाहेर बसायचं आणि कुलूप बघायचं."

"कुलूप बघायला पैसे कोण देणार?"

"नसतील देत तर नका देऊ. त्याच्या माघारी मी त्याच्या घरात कुणाला नेणार नाही. दुसरी बाई बघा."

पंधरवडाभर ते फुगून बसले. दुसरी बाई काही मिळाली नाही. ट्रिप निघाली, माझ्या अटीवर निघाली. काही पाहुणे कुरकुरले, बाकीचे बंद दाराबाहेर चटईवर बसून रांजणांची गोष्ट ऐकत राहिले.

मी दर गणपतीत गावी जाते. पहिल्या दिवशी डब्यातले तांदूळ शिजवते आणि निघताना नवे भरते. किल्ली इथे वादी कबीरला, फ्रिजशेजारच्या खिळ्यावर असते.

मागच्या वर्षी चुलतभावाचा, सुधीरचा फोन आला. "ताई, होमस्टेला कसली मागणी आहे इकडे! तुमचं घर तर वर्षभर ओसाडच. किल्ली पाठव ना. तुम्ही काय, आता तिकडचेच झालात."

तिकडचेच! पण मी आवाज चढवला नाही.

"सुधीर, होमस्टे जरूर कर, तुझ्या घरात कर. मी गिऱ्हाईक पाठवते. आमच्या घराचं कोणी विचारलं तर त्याला कुलूप दाखव. सांग, ह्या घरातली माणसं जरा खाली उतरली आहेत. आत त्यांचे तांदूळ आहेत."