पांढरं पथ्य

तुपात जिरं तडतडलं, की त्या खमंग वासासरशी बरकतपुऱ्यातलं आमचं जुनं स्वयंपाकघर उजळून समोर येतं. ते घर सुटलं, लेकही नोकरीसाठी परगावी गेली. पण एका उन्हाळ्यात हाच वास आम्ही त्या घरातून हद्दपार केला होता.

लेक तेव्हा दहावीत होती. आतड्यांना आलेली सूज औषधांनी उतरली, पण तिची भूक काही परतेना. पथ्य सासूबाईंनी ठरवलेलं: दुखऱ्या पोटाला पांढरंच. मऊ भात, ताक, साबुदाण्याची पेज. पालेभाजी नाही, फोडणी नाही, तुपाचा थेंबही नाही. मीही ते निष्ठेनं पाळलं. ताटात जणू चांदणं वाढलेलं असे, आणि चवही चांदण्याइतकीच. एरवी अंबाडीची भाजी खाताना "आई, मिरच्या संपल्या काय गं?" म्हणून टोमणे मारणारी ही मुलगी दिलेलं निमूट गिळायची. दुखण्यापेक्षा त्या निमूटपणाचीच मला धास्ती वाटे.

सिकंदराबादच्या डॉक्टरीणबाईंनी आमचं पथ्य ऐकून कपाळाला हात लावला. "अम्मा, बच्ची के पेट को चूना मार रए क्या? रंग खिलाओ जी!"

मग त्यांनी नीट समजावलं. शरीराचं रक्षण करणाऱ्या असंख्य पेशी आतड्याच्या भिंतीशी पहाऱ्याला असतात. पालकात, लाल भोपळ्यात जी रंगद्रव्यं असतात, त्यांतून शरीर अ जीवनसत्त्व घडवतं. ते या पेशींना आतड्याची वाट दाखवतं, आणि अन्नाला शत्रू समजू नये, हेही शिकवतं. मात्र तो रंग अंगी लागायला स्निग्धता हवी. "दवा चालू रखना. घी भी डालना."

येताना नारायणगुड्याच्या बाजारात लाल भोपळा घेतला.

"पोरीच्या पोटाशी खेळू नकोस, बाई," सासूबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या राहिल्या. तरी मी तूप तापवलं, जिरं टाकलं, भोपळा शिजवून मऊ घोटला. सांजवेळच्या आभाळासारखी केशरी वाटी लेकीपुढे ठेवली.

पहिला घास तिनं बराच वेळ तोंडात घोळवला. भुवया आक्रसल्या.

"दुखतंय का गं?" मी विचारलं.

तिनं मान हलवून नाही म्हटलं, तिखटाच्या डब्याकडे बोट दाखवलं, आणि कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदाच माझ्यावर रुसून म्हणाली, "फिक्कं!"