आत्याचा पवायचा हौद

राजूचा फोन आला तेव्हा मी चाकणजवळच्या एका कारखान्यात नव्या शेडच्या फरशीचं काँक्रीट ओतून घेत होते. मिक्सरचा आवाज एवढा, की आधी काही ऐकूच आलं नाही. बाजूला जाऊन पुन्हा फोन कानाला लावला. "ताई, आई गेली," राजू म्हणाला. आणि मी विचारलं, "कुठं?" … कारण सोनाआत्या ही सतत कुठंतरी गेलेलीच असायची. कुणाच्या बारशाला, कुणाची सोयरीक बघायला, नाहीतर नुसतीच चाकणच्या बाजाराला. राजू पलीकडे गप्प राहिला, तेव्हा मला कळलं. सकाळी चहा टाकला, छातीत कळ आली म्हणून ओट्याला धरून खाली बसली, एवढंच. ओतायला घेतलेलं काँक्रीट मध्येच थांबवता येत नाही. मी काम सुपरवायझरच्या हवाली केलं आणि सिमेंटनं भरलेल्या कपड्यांनीच तिच्या घरी गेले. त्याला आता दीडेक महिना होईल.

सोनाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. खेड तालुक्यात भामा नदीच्या काठी आमचं गाव. वडील तिथून पिंपरीला कंपनीत लागले, मी चिंचवडच्या दोन खोल्यांत वाढले आणि सिव्हिल इंजिनिअर झाले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगते, आणि ही खोड मला आत्याकडूनच लागली. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही ती सांगायची, "आमची मनी इंजनेर हाय. पूल बांधती." मी पूल बांधत नव्हते, कारखान्यांच्या फरश्या करत होते. पण आत्याच्या लेखी इंजिनिअर म्हणजे पूल. मीही कधी दुरुस्ती केली नाही. ऐकायला बरं वाटायचं.

लग्न होऊन ती चाकणच्या अलीकडच्या एका गावात आली. तिच्या सासरची जमीन पुढे कंपन्यांत गेली, खालच्या रानातली विहीर बुजली, आणि राजूने गावठाणालगत राखलेल्या तुकड्यावर बंगला बांधला. वास्तुशांतीच्या दिवशी जेवणं उरकल्यावर तिनं माझं मनगट धरलं आणि मला मागच्या दारी नेलं. तिथं मोकळं परस होतं, शेवग्याचं एक झाड आणि उरलेल्या विटा. म्हणाली, "हितं मला पवायचा हौद बांधून दे." मी हसले. "हसतीस काय गं? पूल बांधती, पूल बांधती म्हणून समद्या गावाला सांगत फिरले. त्याला बी पूलच म्हनत्यात ना? मंग बांध की."

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आत्याला पोहता येतं. लहानपणी गुरं घेऊन ती नदीपार जायची, पाणी जास्त असलं तर म्हशीचं शेपूट धरून आणि कमी असलं तर म्हशीच्या पुढं. वडिलांना पोहायला तिनंच शिकवलं होतं. ते त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं. आणि लग्नानंतर ती एकदाही पाण्यात उतरली नव्हती. सासरी विहीर होती, पण तिच्यात सूर मारायचे ते पोरांनी आणि बाप्यांनी. बायकांनी काठावर धुणं धुवायचं.

राजूनं आईला समजावून पाहिलं. निगडीकडच्या एका तलावावर बायकांची वेगळी बॅच असते, तिथं गाडीनं सोडतो म्हणाला. ती गेलीसुद्धा एकदा. पण तिथला नियम म्हणजे पोहण्याचा पोशाख आणि डोक्याला टोपी. लुगडं चालत नव्हतं. परत आली ती तणतणत. "त्या पोरीनं मला इचारलं, आजी, नातवाला सोडाया आलाव का? म्हनलं, न्हाई गं बाय, ल्योकच मला सोडाया आलाय." आत्याच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या मामांना, हे सगळंच पटत नव्हतं. "ह्या वयात हौदात म्हशीवानी डुंबनार व्हय? लोक काय म्हनतील?" आत्या म्हणाली, "लोकांना बी बोलवा. पानी पुरंल."

शेवटी राजूनं मान डोलावली. त्यानं पुढच्या अंगणात कारंजं बसवलं होतं, ते आईला विचारून नव्हतं, हे आत्यानं त्याला रोज ऐकवलं असावं. ठरलं असं, की दर गुरुवारी मी यायचं. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. पहिल्या गुरुवारी जेसीबी आला. काळी माती निघाली, खाली मुरूम लागला, खड्डा छातीएवढा झाला, आणि एका कोपऱ्यात मुरूम ओला दिसायला लागला. बघता बघता तिथून पाझर सुटला. चालकानं मशीन बंद केलं आणि ओरडला, "पाणी लागलं!"

या दोन शब्दांनी त्या घरात काय झालं ते सांगते. मामा अनवाणी धावत आले. वरच्या रानात पाणी लागावं म्हणून त्यांनी उभं आयुष्य घालवलं होतं. पानाडे आणले, तळहातावर नारळ ठेवून पाणी शोधणारे ते लोक जिथं सांगतील तिथं खणलं, बोअर मारले, आणि दर वेळी धुरळा निघाला. आता रान गेलं, आणि बंगल्याच्या मागं, न मागता, पाणी! मामांनी टोपी काढली, खड्ड्यात उतरले आणि ते गढूळ पाणी ओंजळीनं प्यायले. नारळ फुटला. राजूनं पेढे आणले. शेजारपाजारचे गोळा झाले, कुणीतरी चालकाला गुलाल लावला. आत्यानं काठावर सात खडे मांडून साती आसरांना, पाण्याच्या देवतांना, हळद-कुंकू वाहिलं. त्या सगळ्या गर्दीत चेहरा पडला होता तो फक्त माझा.

कारण माझ्या शिक्षणात जमिनीखालचं पाणी म्हणजे हौदाचा वैरी. हौद कधी धुण्यासाठी रिकामा केला, की खालचं पाणी त्याला वर ढकलतं. अख्खं काँक्रीट उचललं जातं, तडकतं. मी हे सांगितलं तर सगळे हसले. "शिमिटाचा हौद तरंगतो? हे शिकली व्हय कॉलेजात?" मामा म्हणाले. मला राग आला. मी घरातून पितळी पातेलं आणलं आणि त्या डबक्यात सोडलं. ते तरंगलं. "मामा, हौद म्हणजे हेच. सिमेंटची नाव." मामांनी पातेल्याकडे बघितलं आणि त्यांना भलताच अर्थ लागला. "मंग हौद कशाला? देवानं इहीर दिलीया. इहीर बांधू." लगेच सगळ्यांना ते पटलं. पाणी लागलेल्या जागी सिमेंट ओतून झरा मारायचा, हे पाप कोण करणार? मी आत्याकडे बघितलं. तिनं पाण्याला हात जोडले होते.

पुढच्या गुरुवारी मी गेले तर विहिरीचा गवंडी येऊन माप घेऊन गेला होता. खड्ड्यातलं पाणी निवळून तळ दिसत होता. मामा स्वयंपाकघरात पाटावर जेवत होते, आत्या भाकऱ्या थापत होती. मी दारातच भांडायला उभी राहिले. "आत्या, तू गप्प का? हौद तुला पाहिजे होता ना?"

"असू दे गं. पानी लागलंय, त्याला न्हाई कसं म्हनायचं?"

"मग विहिरीत पोह. विहिरीतही पोहता येतं."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "इहिरीत बाय उतरली ना मने, तर लोकं दोर आन् बाज घेऊन धावत्यात. त्यांना दुसरं काय सुचतच न्हाई. मी ह्या गावात आल्यापसनं इहिरीतनं वर काढलेल्या बाया बघितल्या. पवून वर आलेली एक बी बघितली न्हाई." भाकरी उलटली. "मला चालत उतरायचं हुतं. आन् चालत वर यायचं हुतं. एवढंच हुतं बग."

मामांचा घास हातात राहिला. त्यांनी ताटातच हात धुतला आणि बाहेर गेले. मला वाटलं, चिडले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत त्यांचा फोन. एरवी ते मला कधी फोन करत नसत. "मने, ती तुजी शिमिटाची नाव… ती उचलू नये म्हनून काय करत्यात?"

मी सांगितलं ते त्यांनी दोनदा समजून घेतलं. तळाखाली खडीचा जाड थर द्यायचा, त्यात भोकं पाडलेला पाइप टाकायचा. झऱ्याचं पाणी त्यातून बाजूला एका छोट्या आडात जाईल, आणि आडावर पंप बसवायचा. झरा मरत नाही, हौदाला ढकलतही नाही, उलट त्याच आडाचं पाणी हौदात घेता येतं. "म्हंजे आड माझा, हौद तिचा," मामा म्हणाले. हिशेब चुकता झाल्यासारखा त्यांचा आवाज मोकळा झाला.

मग कामाला लागलो. सळयांच्या दोन जाळ्या बांधल्या. तळ आणि भिंती ओतायच्या दिवशी बंगल्याशेजारी आत्याची भाड्याच्या खोल्यांची चाळ होती, तिथली कंपनीतली पोरं सुट्टी म्हणून मदतीला आली, आणि आत्यानं त्यांना मटण घातलं. मी कागदावर शिडी दाखवली होती, ती तिनं बोटानं खोडली. "लुगड्यात शिडीवरनं कोन उतरंल? मला घाट कर." म्हणून एका बाजूला, हौदाच्या रुंदीभर, पायऱ्या केल्या. काँक्रीट घट्ट होईपर्यंत सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारायचं काम तिनं कुणाला करू दिलं नाही. तो हौद आज काही पावसाळे काढून उभा आहे. चीर नाही. हे मी केलंय, आणि हे मी सांगणार.

पहिल्यांदा ती उतरली त्या दुपारी मामांना आणि राजूला तिनं काहीतरी निमित्त काढून बाजाराला पिटाळलं होतं. घरात मी आणि राजूची बायको कविता, दोघीच. हिरवं जुनं नऊवारी, काष्टा घट्ट ओढलेला. पायरी पायरी करत कमरेएवढ्या पाण्यात गेली आणि थांबली. बराच वेळ. कविता माझ्या कानात म्हणाली, "विसरल्या वाटतं." तेवढ्यात ती पुढं झुकली आणि निघाली. डोकं वर, हनुवटी पाण्यावर, खाली हात-पाय शांतपणे चाललेले. नदीपार जाणारी माणसं पोहतात तसं. पलीकडच्या भिंतीला हात लागला, वळली, आणि मला म्हणाली, "एवढ्यात संपला व्हय गं?"

मी इंजिनिअर, माझा जीव खाली-वर होत होता, आणि ही बाई मला लांबी विचारत होती! "आत्या, नदी काय परसात मावते?" म्हटलं. ती हसली, पाणी तोंडात गेलं, ठसकली आणि परत फिरली. किती फेऱ्या मारल्या ते मोजलं नाही. वर आली ती पायऱ्यांवरून, चालत. केस पिळले आणि म्हणाली, "भूक लागली."

त्यानंतर हळूहळू दुपारच्या वेळी बायका यायला लागल्या. आधी तिच्या जावा, नुसते पाय बुडवायला. मग चाळीतल्या मराठवाड्याच्या पोरी, ज्यांचे नवरे पहिल्या पाळीला गेलेले असत. आत्या कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून एकेकीच्या हनुवटीखाली हात धरायची. "तोंड बंद ठेव. तोंड बंद ठेवलं की बाय बुडत न्हाई. सासरी बी हेच सांगितलं असंल, पन हितं ते खरं हाय." हसण्यानं पोरींची तोंडं उघडायची आणि त्या पाणी प्यायच्या. मीही तिच्याच हातावर शिकले. हौद बांधणारीला पोहता येत नाही, हे तिनं गावापासून झाकून ठेवलं, त्याबद्दल तिचे उपकार.

ती गेल्यावर भेटायला येणाऱ्यांत चर्चा सुरू झाली. घरातली बाई गेली, मागं पाण्याची जागा उघडी नको. लहान लेकरं येतात-जातात, भरून घ्या. मुरूम टाकला तर दोन गाड्या उभ्या राहतील. राजू "बघू" म्हणत होता, आणि राजूचं "बघू" म्हणजे काय ते मला माहीत आहे. मामा भिंतीला टेकून ऐकत होते, हो नाही की नाही नाही. पन्नास वर्षं संसार केलेल्या माणसाला त्या दिवसांत काय विचारणार? मी तेराव्यानंतर निघून आले. पण मनात ठरवलं, की हौद बुजवायला निघाले तर भांडायचं. काय बोलायचं तेसुद्धा जुळवून ठेवलं.

मागच्या आठवड्यात ते जुळवलेलं घेऊनच गेले. फाटकातच मामा भेटले. ऐन दुपारी, उन्हात प्लास्टिकची खुर्ची टाकून, घराकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड. दारात दूधवाल्याचा पोरगा बिलाला आलेला, त्यालाही आत सोडत नव्हते. "सांच्याला ये," म्हणत होते.

"मामा, उन्हात का बसलात?"

"आत बाया पवत्यात," ते म्हणाले. सहज, पंखा चालू आहे म्हणावं तसं. मग मला म्हणाले, "तू जा. तुला चालतंय."

मी जुळवून आणलेलं सगळं पोटातच राहिलं. घराच्या कडेनं मागं गेले. पाण्यात चाळीतल्या तिघी-चौघी होत्या. आणि शेवग्यापासून भिंतीपर्यंत बांधलेल्या दोरीवर आत्याचं हिरवं लुगडं होतं, ओलं, टपटप गळणारं. क्षणभर मला पुन्हा विचारावंसं वाटलं, कुठं? … गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत, देऊन टाकतात. कवितानं मागाहून सांगितलं, मामांनी बाकी सगळी लुगडी दिली, पोहायची दोन ठेवली. म्हणाले, हल्लीच्या पोरींकडं नऊवारी कुठं असतं, येतील त्यांना नेसायला लागंल.

एक पोरगी पायऱ्या चढून वर आली, दुसऱ्या लुगड्याचा काष्टा पिळत. मला ओळखत नव्हती. "उतरायचंय का ताई?" तिनं विचारलं. "जरा थांबा, मी हे सोडून देते."