न उघडता द्यायचा ओव्हन

आमचा मायक्रोवेव्ह एका बुधवारी सकाळी दूध गरम करता करता फट्‌कन आवाज करून बंद पडला. लग्नात मिळालेली वस्तू, बारा वर्षं चालली, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. बायकोनं प्लग काढला. मी ते धूड उचलून गॅलरीत ठेवलं आणि आप्पांना बजावलं, "याला हात लावायचा नाही. शनिवारी माझ्या कंपनीत बिघडलेल्या विजेच्या वस्तू गोळा करणारेत, तिथं जमा करायचाय, न उघडता."

आप्पा म्हणजे माझे वडील. भांडगावला हायवेच्या कडेला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी ते भरून द्यायचे, म्हणजे आतली काळी पडलेली तार उपसून नवी तांब्याची तार हातानं बसवायचे. दौंडपासून शेतकरी मोटार टेंपोत टाकून यायचे. आप्पांनी भरलेली मोटार पुन्हा जळत नाही, असं लोक बोलायचे. आप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण त्या दिवशी एक भाकरी जास्त जायची.

आई गेली, आप्पांना कमी दिसायला लागलं, आणि मी त्यांना कारेगावला माझ्या फ्लॅटवर आणलं. इथं तिसऱ्या मजल्यावर त्यांच्याकडे मोटार कोण घेऊन येणार? सगळा दिवस खुर्चीत. पंखा चालू कर, पंखा बंद कर, एवढंच विजेचं काम उरलेलं. माणसाकडे एकच गोष्ट होती, हातातल्या कामाचा मान, आणि तोही भांडगावातच राहिला. मला हे दिसत होतं. दिसूनही मी काही केलं नाही, हे आधीच कबूल करतो.

"आरं, बघू तरी दे आत काय जळलंय," आप्पा म्हणाले. "ट्रान्सफॉर्मर आसंल. तार आणून दे, मी भरतो."

"आप्पा, तुम्हाला नाही कळणार त्यातलं. ही काय मोटार आहे का?"

असं बोललो मी. आणि मी करतो काय, तर कंपनीत सेफ्टी शिकवतो. नवीन कामगारांची बॅच आली की त्यांना समोर बसवून मोडक्यातोडक्या हिंदीत सांगतो, की बंद मशीनला मेलेलं समजू नका. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो. मायक्रोवेव्हचंच उदाहरण देतो, कारण ते घराघरात असतं. त्यातला साठलेला करंट माणूस मारू शकतो. शिवाय काही ओव्हनच्या आतल्या एका भागातली चिनी माती फुटली आणि तिची पूड श्वासात गेली, तर फुप्फुसाचं वाटोळं होतं. म्हणून तो फोडायचा नाही, भंगारात टाकायचा नाही, आहे तसा जमा करायचा. अर्धा तास हे सगळं बोलतो, वर चहा पितो. जन्मदात्याला सांगायला मला अर्धं मिनिट मिळालं नाही.

गुरुवारी पहिली शिफ्ट करून घरी आलो, तर आप्पा खुर्चीत. उजवा हात मांडीवर, त्यावर टॉवेल. बायको दुकानात गेली होती. मी अंघोळ केली, टीव्ही लावला. संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा आप्पांनी डाव्या हातानं भाकरी मोडली. लहानपणी डावा हात ताटात गेला म्हणून याच माणसानं मला ताटावरून उठवलं होतं. बायकोनं माझ्याकडे बघितलं.

"आप्पा, हाताला काय झालं?"

"काय न्हाई. मुंगळा चावला."

मी टॉवेल ओढला. दोन बोटांची टोकं पांढरी पडून जळलेली, तळव्यावर काळा ठिपका. बोटं मिटत नव्हती. गॅलरीत गेलो. ओव्हनचं झाकण भिंतीला नीट टेकवून ठेवलेलं, आणि स्क्रू एका वाटीत, ज्या क्रमानं काढले त्याच क्रमानं मांडलेले.

मी आरडाओरडा केला. काय वाट्टेल ते बोललो. आप्पा खाली मान घालून ऐकत राहिले, मग म्हणाले, "वायर काढल्याली व्हती रं. म्या दोनदा बघितली. मंग वरच्या पत्र्याला उलटा हात लावून बघितला, आन् मंगच आत हात घातला."

चाळीस वर्षं ते असंच करत आले होते. शेतावरची मोटार दुकानात यायची तेव्हा तिची वायर शेतातच सुटलेली असायची, आणि त्या मोटारीच्या पोटात करंट साठवणारं काहीच नसायचं. वायर सुटली की करंट गेला, हे त्यांच्या धंद्यातलं सत्य होतं आणि ते कधी खोटं ठरलं नव्हतं. वर उलटा हात लावून खात्री करायची, म्हणजे झटका बसलाच तर हात आपोआप मागं येतो. हातांना अक्कल होती ती त्यांच्याच धंद्याची. या डब्याची अक्कल माझ्याकडे होती, आणि मी ती दिली नाही.

शिरूरच्या डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, तो ठीक निघाला. बोटांचं ते म्हणाले, "नस मेलीय की झोपलीय, ते महिनाभरानं कळेल." महिना होऊन गेला. त्या दोन बोटांत आजही सुई धरवत नाही.

त्या आठवड्यातल्या शनिवारी पट्टी बदलायला आप्पांना शिरूरला न्यायचं होतं. ओव्हन गाडीच्या मागच्या सीटवर टाकला आणि वाटेत कंपनीच्या गेटवर थांबलो. स्क्रू मी पुन्हा घट्ट बसवले होते. आप्पाही खाली उतरले. वस्तू जमा करून घ्यायच्या टेबलाशी स्टोअरचे एक गृहस्थ बसले होते, माझ्याच ट्रेनिंगला बसलेले. त्यांनी ओव्हन फिरवून बघितला आणि स्क्रूवरच्या ताज्या ओरखड्यांवर बोट ठेवलं.

"साहेब, हा खोललेला दिसतोय. कुणी खोलला?"

रांगेत माझ्या डिपार्टमेंटची चार माणसं उभी होती.

"भंगारवाल्यानं," मी म्हणालो. "अडाणी माणूस. विजेतलं काही कळत नाही, हात मात्र घालायचा."

ते हसले. मग त्यांची नजर आप्पांच्या पट्टीवर गेली. मी जमिनीकडे बघितलं.

"व्हय साहेब," आप्पा म्हणाले, "भंगारवाल्यानंच खोलला. लई अडाणी व्हता."

आणि त्यांनी तो हात पाठीमागं नेला.